पलीकडे पोचलेल्यांची सरासरी

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला शिवणकाम करणाऱ्या एक बाई थोरल्या बहिणीला भेटायला निघाल्या आणि मोठ्या चौकात, रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर अडकल्या. असे काही घडलेच नाही, असे वाहतूक खात्याचे मुळीच म्हणणे नाही. खात्याचे म्हणणे एवढेच, की ही घटना आत घेतलेली नाही.

या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो समजल्याशिवाय आजचे शहर समजत नाही. जगात जे जे घडते ते सगळे मोजायला बसले तर माणसाला दुसरे काही सुचणार नाही. म्हणून काय मोजायचे ते आधी ठरवावे लागते. शहाणी संस्था मोजण्याआधी निवडते. (त्याहून शहाणी संस्था निवड झाल्यावर मोजतही नाही, पण आपले खाते अजून तिथवर पोचलेले नाही. ते मोजते, आणि मनापासून मोजते.)

या कामासाठी खात्याचा स्वतंत्र विश्लेषण कक्ष आहे. दुसऱ्या मजल्यावर, मोडके सिग्नल ठेवायच्या खोलीला लागून. तिथे एक कक्षप्रमुख, एक विश्लेषकबाई, एक पंखा आणि तीन पडदे आहेत. पहिल्या पडद्यावर चौक दिसतो, दुसऱ्यावर आकडे. तिसरा पडदा पाहुण्यांसाठी आहे. त्यावर एक आलेख सतत हलत असतो.

कामाची पद्धत साधी आहे. फूटपाथच्या कडेला खांब आहे, खांबावर बटण आहे, वर कॅमेरा आहे. कोणी बटण दाबले की घटना सुरू होते. समोरच्या फूटपाथवर पाय पडला की घटना पूर्ण होते. मधल्या काळात तो माणूस काय करतो, हा त्याचा खासगी प्रश्न आहे. महिन्याच्या शेवटी विश्लेषकबाई संगणकावरचा कार्यक्रम उघडतात. तो पहिल्याच खिडकीत अदबीने विचारतो: ‘कोणत्या घटना आत घ्यायच्या?’ खाली चौकोन असतात. हव्या त्या चौकोनावर खूण करायची, बाकीचे जग बाहेर राहते. याला फिल्टर म्हणतात.

पहिल्या महिन्यात एकाही चौकोनावर खूण नव्हती. तेव्हा पादचाऱ्यांना रस्ता ओलांडायला तीस सेकंद मिळत आणि खाते सगळ्यांनाच मोजत असे. परिणाम व्हायचा तोच झाला. बटण दाबून पेपर घ्यायला गेलेले एक गृहस्थ आत आले. बटण दाबून गप्पा मारत उभ्या राहिलेल्या दोन विहिणी आत आल्या. एका आजीने अर्ध्या रस्त्यातून परत फिरून, घराला कुलूप लावले की नाही ते बघून, पुन्हा सुरुवात केली होती. त्याही आत आल्या. कक्षप्रमुखांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

“हा काय बाजार भरवलाय?” ते म्हणाले. “अपूर्ण घटना बाहेर काढा आधी.”

“काढते,” विश्लेषकबाई म्हणाल्या. “पण सर, ज्यांना वेळ पुरला नाही, तेही अपूर्णमध्येच जातील.”

“जो पोचलाच नाही, त्याचा पोचायचा वेळ किती धरू? माझ्या मनाने धरू?”

या प्रश्नाला आजवर कोणालाही उत्तर देता आलेले नाही. विश्लेषकबाईंनी ‘अपूर्ण घटना वगळा’ या चौकोनावर खूण केली.

निकाल ताबडतोब दिसला. पूर्ण झालेल्या घटनांची सरासरी बावीस सेकंद निघाली. म्हणजे दर वेळी आठ सेकंद पादचाऱ्यांच्या पायाखाली वाया जात होते. खात्याने वेळ बावीस केली. पुढच्या महिन्यात ज्यांना बावीसपेक्षा जास्त लागत होते ते अर्थातच पोचले नाहीत, म्हणून अपूर्ण ठरले, म्हणून गळले. उरलेल्यांची सरासरी सतरा आली. खात्याने वेळ सतरा केली. त्या महिन्याच्या अहवालात पहिल्यांदा हे वाक्य आले: ‘शहरातील पादचारी दिवसेंदिवस चपळ होत आहेत.’ याचे श्रेय खात्याच्या जनजागृती मोहिमेला देण्यात आले. (मोहिमेची पत्रके अजून छापून यायची होती.)

पुढे ही प्रगती थांबली नाही. सतराला म्हातारी माणसे गळली. तेराला कडेवर मूल असलेल्या बायका गळल्या. दहाला हातात काहीही असलेला प्रत्येक माणूस गळला. आठला अशी माणसे गळली, जी पाऊल टाकण्याआधी दोन्ही बाजूंना बघतात.

सहाच्या खाली आकडा जाईल असे खुद्द कक्षप्रमुखांनाही वाटले नव्हते. पण चौकात एक तपकिरी कुत्रा आहे. तो बटण दाबत नाही. दुसऱ्या कोणी दाबले की निघतो. बटण दाबणारा चप्पल नीट करत कडेलाच राहतो, कुत्रा समोर पोचतो, कॅमेऱ्याला पलीकडच्या फूटपाथवर पाय दिसतात आणि घटना पूर्ण होते. पाय किती, हे विचारणारा चौकोन कार्यक्रमात नाही. गेल्या महिन्यात आत घेतलेल्या घटनांपैकी एकसष्ट टक्के या कुत्र्याने पूर्ण केल्या. उरलेल्या शाळेच्या धावण्याच्या संघाने. सरासरी पाच सेकंद आली आणि वेळेत ओलांडणाऱ्यांचे प्रमाण शंभर टक्के झाले. इतर शहरांतून पाहुणे आले. त्यांना तिसरा पडदा दाखवण्यात आला.

शिवणकाम करणाऱ्या बाई सोमवारी बटण दाबून निघाल्या, त्या या पाच सेकंदांत. त्यांचा डावा गुडघा दुखरा आहे आणि त्या दोन्ही बाजूंना बघतात. अर्ध्या रस्त्यात सिग्नलमधला हिरवा माणूस विझला, गाड्या सुटल्या आणि बाई दुभाजकावर चढल्या. तिथे आधीच एक प्लंबर बसलेला होता. त्याच्या खांद्यावर पाइप होता आणि मांडीवर हत्यारांची पिशवी.

“या मावशी, बसा,” तो सरकत म्हणाला. “सावली इकडे आहे. अकरापर्यंत राहते.”

“तुम्ही कधीपासून आहात?”

“आज सकाळपासून. पण मागच्या गुरुवारी पण होतो. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये एकांच्या बाथरूममध्ये पाणी थांबत नाहीये. त्यांचे फोनवर फोन. मी सांगतोय, तुम्हाला दिसतोय की मी. खिडकीतून हात करतात, पण आवाज चढलेलाच.”

“मग अलीकडे परत का नाही गेलात?”

“परत जायलाही तेवढेच सेकंद, मावशी.”

बाईंचे काम मात्र पाइप बदलण्यासारखे उद्यावर ढकलता येणारे नव्हते. आई गेल्यावर तिची शिलाई मशीन थोरलीने नेली होती. थोरलीला साधे बटण लावता येत नाही. धाकटीचे पोट शिवणावर चालते. यावरून दोघींचे जे बोलणे बंद झाले ते बारा वर्षे बंदच होते. दोघी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहतात आणि एकमेकींच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे ओळखतात. आता थोरली मुलाकडे, दुसऱ्या शहरात, कायमची चालली होती. बस संध्याकाळी सहाची. रविवारी रात्री तिने फोन केला आणि एवढेच म्हणाली, “उद्या ये. मशीन घेऊन जा.” धाकटीला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी तिने चांगली साडी काढली, मग ती मुद्दाम नेसल्यासारखी दिसेल म्हणून बदलली.

साडेदहाला थोरलीचा फोन आला.

“किती वेळ? कुठे आहेस?”

“ही काय, समोर. खाली बघ. फूटपाथवर नाही गं, रस्त्यात बघ.”

“रस्त्यात काय करतेयस?”

“बसलेय.”

“बारा वर्षांनी बोलावलं, तर रस्त्यात बसलीस? तुझं सगळं असंच. आईच्या आजारपणात पण तू ऐन वेळी—”

“ताई, आईचं आजारपण आत्ता नको काढूस. इथे गाड्यांचा इतका आवाज आहे, मला नीट भांडता पण येत नाही.”

मग थोरली म्हणाली, “जेवलीस का?” आणि लगेच, “कशी जेवशील म्हणा.”

यानंतर बाईंनी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा उठून उभ्या राहीपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा त्या आधीच उभ्या राहिल्या; पण दुभाजकाची कड उंच आहे, ती उतरेपर्यंत वेळ संपली. दुभाजकावर बटण नाही. तिथून कोणी निघत असेल अशी कल्पना नसल्यामुळे ते बसवलेले नाही, आणि बटण नसल्यामुळे तिथून कोणी निघाल्याची नोंद नाही. या मुद्द्यावर खात्याची कागदपत्रे अत्यंत सुसंगत आहेत. प्लंबरने बाईंचा हात धरून न्यायची तयारी दाखवली, तेव्हा कॅमेऱ्याला दोन माणसे, एक पाइप आणि एक पिशवी मिळून हातगाडी दिसली. हातगाडी हे वाहन आहे. वाहन दिसताच सिग्नलने वाहनांना हिरवा दिवा दिला.

चौकात पूर्वी एक हवालदार असे. सिग्नल स्वतःचे स्वतः शिकू लागल्यापासून त्याची बदली जिथे गरज आहे तिथे झाली आहे.

बाराला बाईंनी मदतवाहिनीला फोन लावला.

“नमस्कार. कुठून बोलताय?”

“चौकातून. दुभाजकावरून.”

“दुभाजकावर पादचारी नसतात, मॅडम.”

“मी आहे ना.”

“तुम्ही दुभाजकावर आहात म्हणजे तुम्ही ओलांडताय. ओलांडून झालं की तक्रार नोंदवता येईल.”

“अहो, ओलांडता येत नाही हीच तक्रार आहे!”

“हो मॅडम, पण ती अपूर्ण आहे.”

तिकडे दुसऱ्या मजल्यावर विश्लेषकबाईंच्या पडद्यावर सकाळपासून एक लाल ठिपका होता. सहसा अपूर्ण घटना काही मिनिटांत माणसाच्या संयमाबरोबर संपते. माणूस परत फिरतो आणि ठिपका विझतो. हा विझत नव्हता. दोनच्या सुमाराला त्या कक्षप्रमुखांच्या टेबलापाशी गेल्या.

“सर, एक घटना सकाळपासून उघडी आहे.”

“बंद करा.”

“ती बाई पलीकडे पोचल्याशिवाय बंद होत नाही. तिच्या शेजारची पण एक उघडी आहे.”

“महिनाअखेर आहे,” कक्षप्रमुख म्हणाले. “दोन उघड्या घटना घेऊन मी वर जाऊ?” ते उठले, पहिल्या पडद्यासमोर उभे राहिले आणि बराच वेळ चौक बघत राहिले. ज्यांना ते केवळ टेबलावरचे अधिकारी वाटतात त्यांनी हे लक्षात घ्यावे. शेवटी त्यांनी दुभाजकावर बोट ठेवले. “ही बाई जिथून निघाली, तिथून बघितलं तर हे काय आहे?”

“दुभाजक आहे, सर.”

“तिथून बघितलं तर पलीकडेच आहे की नाही?”

विश्लेषकबाईंनी पडद्याकडे पाहिले. भूमितीच्या दृष्टीने सरांचे बरोबर होते.

तीन वाजता ‘पलीकडे’ या शब्दाची व्याख्या दुभाजकापर्यंत आणण्यात आली. त्याच क्षणी लाल ठिपका हिरवा झाला. बाईंच्या मोबाइलवर संदेश आला: ‘अभिनंदन! आपण रस्ता यशस्वीपणे ओलांडला आहे. आपला अनुभव कसा होता? पाचपैकी तारे द्या.’

“मलाही आला,” प्लंबर म्हणाला. “देऊ नका तारा, मावशी.”

“का?”

“मी एक दिला. तर विचारतात, आपण खरंच ओलांडलंत का? मी म्हटलं नाही. तर म्हणतात, मग तुम्हाला मत देता येणार नाही.”

“आणि हो म्हटलं असतं तर?”

“तर मग तक्रार कसली?”

बाई हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. मग त्यांनी समोर पाहिले आणि हसू थांबले. थोरली फूटपाथवर येऊन उभी होती आणि तिच्या शेजारी मशीन होती. खाली छोटी चाके असलेली, काळी, वर आईने शिवलेले फुलाफुलांचे झाकण. झाकण धुऊन इस्त्री केलेले होते. थोरलीने आयुष्यात कधी कशाला इस्त्री केल्याचे धाकटीच्या ऐकिवात नव्हते.

इथे एक तांत्रिक बाब सांगणे भाग आहे. व्याख्या बदलल्यामुळे दुभाजकावर आजवर अडकलेली सगळी माणसे मागील तारखेपासून पोचलेली ठरली. अर्धाच रस्ता मोजल्यामुळे सगळ्यांचे वेळ निम्म्यावर आले. नवी सरासरी तीन सेकंद निघाली. कार्यक्रमाने ती पाच वाजता, कोणाला न विचारता, सिग्नलला कळवली. त्या संध्याकाळी तपकिरी कुत्रा पहिल्यांदाच कडेला थांबला आणि समोरच्या दिव्याकडे बघत बसला.

विश्लेषकबाई पुन्हा टेबलापाशी गेल्या.

“सर, एकदाच वेळ वाढवू का? तीस सेकंद. त्यांची बहीण सहाच्या बसने जातेय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मदतवाहिनीवर त्यांनी तीनदा सांगितलंय. रेकॉर्डिंग आहे.”

कक्षप्रमुख दगडाचे नाहीत. त्यांनाही एक बहीण आहे आणि तिच्याशी त्यांचेही बोलणे आहे असे नाही. “वाढवा,” ते म्हणाले. “कोण नाही म्हणतंय? फक्त एक घटना दाखवा. तीस सेकंद लागले आणि तरी माणूस पोचला, अशी एक. तेवढा आधार असला की मी सही करतो.”

विश्लेषकबाई पडद्यासमोर बसल्या. त्यांनी गेल्या महिन्याच्या घटना बघितल्या, मग त्याच्या आधीच्या, मग पार पहिल्या महिन्यापर्यंत गेल्या. पेपर घेणारे गृहस्थ नव्हते. विहिणी नव्हत्या. कुलूप बघायला गेलेल्या आजी नव्हत्या. वगळलेल्या आणि ठरल्या वेळेपेक्षा जास्त लागलेल्या घटना जागा अडवतात म्हणून कार्यक्रम त्या दर तिमाहीला पुसतो. तो चौकोनही त्यांनीच भरला होता. तेव्हा तो अगदी व्यवस्थित वाटला होता.

सव्वापाचला थोरलीचा मुलगा टॅक्सी घेऊन आला. बॅगा आत गेल्या.

“आई, चल. बस चुकेल. मशीन खाली वॉचमनकडे ठेवू, मावशी नेईल नंतर.”

“ठेवू म्हणजे? बारा वर्षं ठेवलीच होती.”

“मग मी देऊन येतो पळत.”

“तू नको. माझ्या हातानं द्यायचीय.”

“अगं आई, तुझी काठी कोण धरणार?”

“मशीनला धरून चालेन. काठीपेक्षा भक्कम आहे ती.”

धाकटीने दुभाजकावरून हे सगळे पाहिले. ऐकू काहीच येत नव्हते, पण थोरलीने पदर खोचला तेव्हा तिला कळायचे ते कळले. तिने फोन लावला.

“ताई, तिथेच थांब. उतरू नकोस. मला नकोय मशीन.”

“आता नको म्हणतेस? बारा वर्षं माझ्या नावानं बोटं मोडलीस की.”

“ते चुकलं माझं. जा तू, बस चुकेल. मी येईन तिकडे, तुझ्या गावाला.”

“तू? तुला रस्ता ओलांडून येता येईना,” थोरली म्हणाली आणि फोन मुलाच्या हातात देऊन त्याला खांबावरचे बटण दाबायला सांगितले.

प्लंबर पाइप खाली ठेवून उठला होता आणि दोन्ही हात वर करून गाड्यांना थांबायची खूण करत होता. हिरवा माणूस लागला. थोरलीने मशीनची पुढची चाके फूटपाथवरून खाली उतरवली. मागची उतरवली. मग स्वतःचा पाय खाली ठेवला. कॅमेऱ्यातले शेवटचे उपलब्ध चित्र हे आहे: काळी मशीन, फुलाफुलांचे झाकण, त्यावर एका म्हाताऱ्या बाईचे दोन हात. तीन सेकंदांनंतरचे चित्र यंत्रणा ठेवत नाही. विश्लेषकबाई त्या वेळी खिडकीशी गेल्या होत्या, पण त्या खिडकीतून मोडके सिग्नल दिसतात, चौक दिसत नाही. हा मजकूर छापायला जाईपर्यंत मशीन दुभाजकावर पोचल्याचे किंवा न पोचल्याचे कोणत्याही बाजूने कळलेले नाही. सहाची बस वेळेवर सुटली. तिच्यात किती जागा रिकाम्या होत्या, हे बस कंपनी सांगत नाही.

एक गोष्ट मात्र चौकातल्या ध्वनिमापकावर स्वच्छ नोंदली गेली आहे, कारण आवाजाला अजून फिल्टर लावलेला नाही. हिरवा माणूस विझताच रांगेतल्या पहिल्या गाडीने हॉर्न वाजवला आणि मागच्या सगळ्यांनी तिला साथ दिली. गाड्या बऱ्याच होत्या; त्या वेळी घरी परतणारे बहुतेक सगळे त्याच चौकातून जातात. वाचकांनी कृपया आठवून पाहावे, की सोमवारी संध्याकाळी आपण हॉर्न वाजवला होता का. आठवत नसेल तर काळजीचे कारण नाही. आपला फिल्टर उत्तम चालला आहे.